पाहुण्यांसाठी कचरा

राग माझ्या नाकावर असतो, असं लोक म्हणतात. साफ खोटं. नाकावर असता तर रुमालाने पुसून टाकला असता. तो पोटात असतो आणि वर यायला त्याला जिना लागत नाही. सहावीची पोरं पाठीमागे मला 'मिरची बाई' म्हणतात हे मला ठाऊक आहे, आणि मला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक आहे. आमचं छान चाललेलं असतं.

मी विज्ञान शिकवते. सहावीच्या पुस्तकात समुद्रातल्या प्लॅस्टिकवर एक धडा आहे. एका कासवाचं चित्र, खाली प्रश्न, आणि शेवटी 'आपण काय करू शकतो?' अशी चौकट. चौकटीत रिकाम्या रेघा. वर्षानुवर्षं मुलं त्या रेघांवर 'आपण कचरा कुंडीत टाकू शकतो' असं लिहितात, पैकीच्या पैकी गुण घेतात आणि मधल्या सुट्टीत गोळीचा कागद जिन्यात टाकतात. आमच्या शाळेच्या मागच्या भिंतीपासून समुद्र हाकेच्या अंतरावर आहे. वर्गाची खिडकी उघडली की दिसतो, वाऱ्याने वह्यांची पानं फडफडतात. त्या खिडकीकडे पाठ करून पोरांना कासवाचं चित्र दाखवायचं म्हणजे समोर आई बसलेली असताना तिच्या फोटोशी बोलण्यासारखं आहे.

म्हणून मी मोठ्या सरांशी भांडले. मोठे सर म्हणजे आमचे मुख्याध्यापक. माणूस वाईट नाही, असं पुढे म्हणायची पद्धत आहे. मी म्हणणार नाही. त्यांचा सगळा जीव शाळेच्या दर्शनी भिंतीत. मागच्या भिंतीचं प्लास्टर गळून पडलं तरी चालेल, पुढच्या भिंतीला रंग हवा. माझ्या कटकटीला कंटाळून त्यांनी गुरुवारचे शेवटचे दोन तास मला किनाऱ्यावर घ्यायला दिले. एका वर्षापुरते. "पुढचं पुढे बघू," असं म्हणाले. सरांच्या तोंडी 'बघू' आलं की समजावं, बघणार नाहीत.

किनाऱ्यावर माझा एकच नियम होता. जे उचलाल ते नुसतं पोत्यात टाकायचं नाही. हातात धरायचं आणि सांगायचं, हे कुणाच्या हातून सुटलं. पहिल्या गुरुवारी सगळ्यांचं उत्तर एकच, "लाटेने आणलं, बाई."

"लाट दुकानात जाते का रे?"

"नाही."

"लाट शीतपेय पिते?"

"नाही, बाई."

"मग?"

मग हळूहळू उत्तरं यायला लागली. ही दोरी जाळ्याची, कुणीतरी तुटकी म्हणून होडीतून भिरकावली. ही शाम्पूची पुडी, कुणीतरी आंघोळीच्या मोरीत सोडली. हा चमचा वाढदिवसाचा. पोरं घरी जाऊन मोरीत डोकावू लागली, गटाराचं पाणी कुठे जातं ते बघायला गल्लीगल्लीतून हिंडू लागली. माझा आवाज त्या दिवसांत बराच खाली आला होता, असं माझा नवराही म्हणाला.

सहावीत एक मुलगी आहे. तिला सगळे 'वकील' म्हणतात. बापाचं सायकल दुरुस्तीचं दुकान, आई शिवणकाम करते, घरात कुणी कधी कोर्टाची पायरी चढलेलं नाही. पण ही पोर 'आज पाऊस आहे' म्हटलं तरी पुरावा मागते. एका गुरुवारी ती तळहातावर काहीतरी घेऊन आली. नखाएवढे तिकोनी तुकडे. पातळ, पांढरट, एका कडेला निळी रेघ.

"बाई, हे काय आहे?"

मला सांगता येईना. वाळू चाळली तर तेच, जरा खणलं तर तेच. बाटल्यांपेक्षा, पुड्यांपेक्षा जास्त. वर्गात आठवडाभर तर्क चालले. मग एका सकाळी वकील धापा टाकत शाळेत आली. घरी आईने दुधाच्या पिशवीचा कोपरा कात्रीने कापला होता आणि सवयीने तो मोरीत टाकला होता. "माझ्या डोळ्यांसमोर टाकला, बाई! मी विचारलं तर म्हणते, कोपराच तर आहे!"

दुसऱ्या दिवशीपासून अर्ध्या सहावीने घरोघरच्या कात्र्या लपवल्या. पिशवी कापायची, पण कोपरा पूर्ण तोडायचा नाही, तो पिशवीलाच लटकत राहिला पाहिजे. आया माझ्याकडे तक्रार घेऊन आल्या. एक तर म्हणाली, "बाई, मी सासूचं कधी ऐकलं नाही, आता या पोराचं ऐकू?" पण ऐकलं. सगळ्यांनी ऐकलं. मला त्या पोरांचा इतका अभिमान वाटला की घरी जाऊन मी नवऱ्याला उगाचच ओरडले.

वेचलेलं सगळं आम्ही टाकून देत नव्हतो. प्रयोगशाळेच्या बेसिनमध्ये धुवायचं, मागच्या ओसरीत वाळवायचं आणि जातवार पोत्यांत भरायचं. झाकणं वेगळी, दोऱ्या वेगळ्या, बाटल्या वेगळ्या, आणि कोपरे वेगळे. कोपऱ्यांचं पोतं वकीलच्या ताब्यात. वर्षअखेर पालकांचा मेळावा असतो, तेव्हा हे सगळं सभागृहाच्या मधोमध ओतायचं, म्हणजे येणाऱ्या प्रत्येकाला वळसा घालून जावं लागेल, असं पोरांनी ठरवलं होतं. पाटी लावायची नाही. "विचारू दे त्यांना," वकील म्हणाली, "मग आपण सांगू." त्यानंतर माल भंगारवाल्याकडे जाणार होता. माझा हिशेबही तोच होता. तो ढीग एकदा आईबापांनी पाहिला की गुरुवार बंद करायची कुणाची छाती होणार नाही.

आणि मग मोठ्या सरांना स्वच्छता मोहीम सुचली.

संस्थेचे अध्यक्ष येणार, सोबत फोटोग्राफर येणार, मुलांबरोबर अध्यक्ष स्वतः किनाऱ्यावरचा कचरा उचलणार. सहावीची मुलं पुढे, कारण त्यांना सवय आहे. मी म्हटलं, चला, कशाने का होईना, गुरुवारला पाठीराखा मिळतोय. दगडापेक्षा वीट मऊ.

मोहिमेच्या दिवशी सकाळी सरांनी मला खोलीत बोलावलं. ते खिडकीशी उभे होते.

"बाई, घोटाळा झाला."

"काय झालं?"

"कचराच नाही."

मला वाटलं चेष्टा करतायत. खिडकीतून पाहिलं तर किनारा घासलेल्या ताटासारखा लख्ख. पाहुण्यांच्या बुटांना घाण लागू नये म्हणून सरांनीच आदल्या दिवशी नगरपालिकेकडून सगळं साफ करून घेतलं होतं. जे उचलायला पाहुण्यांना बोलावलं ते पाहुणे येण्याआधीच उचलून टाकलं. हे फक्त आमच्याच शाळेत होऊ शकतं.

"मग बरंच झालं की, सर. सुंठीवाचून खोकला गेला. चहा पाजा आणि पाठवा."

"चहा पाजायला बोलावलंय का? फोटोग्राफर येतोय. उचलणार काय ते? वाळू?" सर माझ्याकडे वळले आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. तो मऊ झाला की मला धोका कळतो. "तुमच्या वर्गाची ती पोती आहेत ना मागे..."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सर, ते पोरांनी समुद्राच्या तोंडातून काढलंय. वर्षभर. एकेक तुकडा धुऊन."

"मग उत्तमच. धुतलेलं आहे म्हणजे पाहुण्यांनी हात लावायला हरकत नाही."

मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अर्धा तास. पसरायचं, वेचायचं, परत भरायचं. तुमचं काय जातंय? आणि एक लक्षात ठेवा. पुढच्या वर्षी गुरुवार ठेवायचा का नाही ते अध्यक्षांच्या एका शब्दावर आहे. खूश होऊन गेले तर फक्त सहावीच नाही, सगळे वर्ग किनाऱ्यावर जातील."

इथे मी अडकले. सगळे वर्ग. मी घासाघीस केली. फक्त मोठ्या बाटल्या काढायच्या. कोपरे, झाकणं, दोऱ्यांना हात लावायचा नाही. आणि कोरड्या वाळूच्या वरच राहायचं, कारण दुपारच्या आत भरती आहे. आमच्या फळ्यावर भरती-ओहोटीच्या वेळा पोरं रोज लिहितात.

"पाहुणे त्याच्या कितीतरी आधी येतील," सर म्हणाले.

मी हो म्हटलं. बाहेर येऊन जिन्याच्या कठड्यावर हात आपटला. हात दुखला, बाकी काही झालं नाही.

किनाऱ्यावर शिपाईमामांनी सरसकट सगळीच पोती आणून ठेवली तेव्हा पोरांना वाटलं, पाहुण्यांना दाखवायला आणलीत. त्यांचे चेहरे फुलले. मला सांगावं लागलं.

"फोटोसाठी थोड्या बाटल्या पसरायच्या आहेत. मग लगेच परत भरायच्या."

"म्हणजे टाकायच्या?" वकील म्हणाली.

"पसरायच्या."

"पण बाई, त्या आपणच वेचल्यात. आता कुणी उचलून विचारलं, कुणाच्या हातून सुटली, तर काय सांगायचं?"

"वकिली पुरे. सांगितलं तेवढं कर."

तिने केलं. तोंडातून एक शब्द न काढता बाटल्या वाळूवर मांडल्या. तिला गप्प बसवणं एरवी कुणाच्या बापाला जमत नाही, ते मला जमलं आणि मला ते मुळीच आवडलं नाही.

पाहुण्यांचा पत्ता नव्हता. ऊन वर आलं, पोरांच्या टोप्या घामाने ओल्या झाल्या. फोटोग्राफर मात्र वेळेवर हजर. तेवढ्यात सरांनी मला फाटकावर पाठवलं, संस्थेचं नाव छापलेले हातमोजे घेऊन गाडी आली होती. ते मोजून घ्यायचे, सही करायची. गाडीवाला सही करायला पेन मागत बसला. मी खोके घेऊन परत आले तर किनारा रंगीबेरंगी झाला होता.

सगळी पोती रिकामी. झाकणं, दोऱ्या, पुड्या, शीतपेयाच्या नळ्या, सगळं ओल्या वाळूत, पाण्याच्या अगदी कडेला. आणि त्यावर पांढरट चुरा पसरावा तसे कोपरे.

"कोपरे कुणी ओतले?" मी किंचाळले.

"विरळ दिसत होतं हो," फोटोग्राफर म्हणाला. "आणि मागे लाट हवी ना फोटोत, म्हणून खाली घेतलं."

वकील रिकामं पोतं हातात घेऊन उभी होती. "सर म्हणाले, बाईंनी हो म्हटलंय."

मी सरांकडे पाहिलं. ते रस्त्याकडे पाहत होते, गाडी येतेय का ते.

आम्ही गुडघ्यांवर बसून कोपरे वेचायला लागलो. नखाएवढा तुकडा, ओल्या वाळूला चिकटलेला, एक उचलावा तर चार खाली रुतलेले. पहिली लाट नुसती चाटून गेली. दुसरीने झाकणं उचलली. तिसरी आली ती माझ्या पावलांवरून थेट वर गेली आणि परत जाताना सगळं घेऊन गेली. पोरं ओरडत पाण्याकडे धावली. मी त्यांच्या पुढे धावले, हात पसरून आडवी उभी राहिले.

"एकाचाही पाय पाण्यात पडायला नको! मागे! मागे व्हा म्हणते ना!"

वर्षभर ज्यांना समुद्रातून प्लॅस्टिक काढायला शिकवलं, त्यांना मी समुद्रापासून हाकलत होते. आणि हाकलायलाच हवं होतं, लाटांना जोर होता. शिपाईमामा आणि मी कमरेपर्यंत आत गेलो. काही बाटल्या हाती लागल्या, दोरीची एक गुंडाळी लागली. कोपरे क्षणभर पाण्यावर तरंगताना दिसले आणि मग पाण्याचाच रंग झाले. झाकणांचं पोतं ज्याच्याकडे असायचं तो पोरगा, जो शिक्षा झाली तरी हसतो, तो वाळूत बसून हमसून हमसून रडत होता.

मी ओल्या कपड्यांनी बाहेर आले आणि गाडी आली. वरातीमागून घोडं.

अध्यक्ष उतरले. हातमोजे घातले. मग सगळ्यांच्या लक्षात आलं की वाळूवर उचलायला परत काही उरलेलं नाही. हाती लागलेल्या बाटल्या मी पोत्यात घालून पोतं बगलेत धरलं होतं. सरांनी काय करावं? स्वतःच्या हातातली पाण्याची बाटली वाळूत ओतून रिकामी केली आणि अध्यक्षांच्या बुटापुढे आडवी ठेवली. मी हे या डोळ्यांनी पाहिलंय. अध्यक्ष वाकले, बाटलीला हात लावला आणि फोटोग्राफर 'एक मिनिट' म्हणाला म्हणून तसेच वाकून थांबले. त्यांच्या शेजारी पुढची मुलगी म्हणून वकीलला उभं केलेलं. नुसतं गप्प कसं राहायचं म्हणून त्यांनी प्रेमाने विचारलं, "काय बाळ, आज किती कचरा गोळा केलास?"

"आज नाही केला," वकील म्हणाली. "आज टाकला."

सर मोठ्याने हसले. "फार चेष्टेखोर आहे ही."

अध्यक्ष सरळ झाले आणि माझ्याकडे वळले. "काय म्हणतेय ती?"

"खरं म्हणतेय," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं. पोती, कोपरे, भरती, लाट. एका दमात. बोलताना माझे दात वाजत होते, थंडीने की रागाने, कोण जाणे. मला वाटलं, आता हा माणूस चिडेल. सरांवर चिडेल, नाहीतर माझ्यावर चिडेल, कुणावर तरी चिडेल.

अध्यक्ष मान हलवत होते. "अरेरे," म्हणाले. "वाईट झालं. पण मुलांचा उत्साह छान आहे. बरं, अजून फोटो घ्यायचाय का, की झालं?"

आजवर मी बेरकी माणसांवर चिडलेय, आळशांवर चिडलेय, खोटारड्यांवर तर रोज. पण या माणसावर चिडणं म्हणजे पाण्याला थोबाडीत मारणं होतं. हात ओला होतो, पाण्याला काही होत नाही.

त्या संध्याकाळी मी स्वयंपाकघरात भांडी आपटत होते. नवरा औषधांच्या दुकानात काम करतो. राग औषधासारखा घ्यावा, जेवणानंतर आणि थोडा थोडा, असं त्याचं म्हणणं असतं. त्या दिवशी तो तसं काही म्हणाला नाही. मी सांगत होते ते ऐकत ऐकत त्याने दुधाची पिशवी घेतली, कोपरा अर्धाच कापला आणि पातेल्यात ओतली. मला रडू आलं, आणि रडू आलं याचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी सरांनी बोलावलं. आवाज मऊ.

"त्या मुलीने पाहुण्यांचा अपमान केला. उद्या सकाळी परिपाठाला, सगळ्या शाळेसमोर तिने माफी मागायची. मागितली तर गुरुवार पुढच्या वर्षीही राहील, मी स्वतः अध्यक्षांशी बोलेन. नाही मागितली तर गुरुवार विसरा."

"ती खरं बोलली, सर."

"खरं बोलायचीही एक वेळ असते."

"आणि कचरा टाकायची?"

सरांनी समोरची फाइल उघडली. म्हणजे मी आता जायचं.

मी वर्गात येऊन पोरांना जसंच्या तसं सांगितलं. लपवाछपवी मला येत नाही. सर काय म्हणाले, मी काय म्हणाले, आणि आपण माफी मागणार नाही म्हणजे गुरुवार गेला. मला वाटलं पोरं बाकं वाजवतील. सगळ्यांनी वकीलकडे पाहिलं. मग वकील उभी राहिली.

"मी मागते माफी."

"कशाला? तुझं काय चुकलं?"

"मागते ना, बाई. तुम्ही कशाला चिडता? गुरुवार पाहिजे ना आपल्याला?"

त्या क्षणी मला तिचा जितका राग आला तितका सरांचाही आला नव्हता. जी पोर आईची कात्री लपवते, जी अध्यक्षांच्या तोंडावर बोलते, तिला एका दिवसात वाकायला शिकवलं होतं आम्ही. पुस्तकातल्या कुठल्याच धड्याचा परिणाम इतका चटकन झालेला मी पाहिला नव्हता. मी फळ्याकडे तोंड केलं आणि उगाचच भरतीच्या वेळा पुसून पुन्हा लिहिल्या.

सकाळी परिपाठाला सगळी शाळा मैदानात उभी होती. पहिलीची मुलं सर्वांत पुढे, खाली बसलेली, कारण त्यांना फार वेळ उभं राहवत नाही. सरांनी माइकवर सांगितलं की चूक कबूल करायला मोठं मन लागतं, आणि आपल्या शाळेत तशी मनं घडवली जातात. मग त्यांनी वकीलला पुढे बोलावलं. माइक तिच्या डोक्याच्या वर होता. शिपाईमामांनी तो खाली केला. मी मागे शिक्षकांच्या रांगेत उभी होते आणि मला तिथून निघून जायचं होतं.

वकीलच्या हातात कागद नव्हता.

"मी माफी मागते," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच खणखणीत. "मोहिमेच्या दिवशी मी समुद्रात कचरा टाकला. कोपऱ्यांचं पोतं मीच उलटं केलं. मला सांगितलं होतं, पण नाही म्हणता येत होतं. ते मी म्हटलं नाही. ते कोपरे आता कधीच सापडणार नाहीत. पुन्हा कुणीही सांगितलं, सरांनी सांगितलं, बाईंनी सांगितलं, तरी मी टाकणार नाही."

"हे नाही," सर पुढे होत म्हणाले. "पाहुण्यांची माफी..."

पण सहावीच्या रांगेतून झाकणांवाला पोरगा निघाला होता. तो माइकपर्यंत पोचला आणि म्हणाला, "झाकणं मी टाकली. माफी मागतो." त्याच्या मागे दोऱ्यांवाली आली. तिच्या मागे नळ्यांवाले दोघं, ते एकमेकांना ढकलत होते, कुणी आधी बोलायचं म्हणून. कुणी काही ठरवलं नव्हतं, असं मला नंतर सगळ्यांनी शपथेवर सांगितलं. माझा विश्वास बसला.

सरांनी वळून माझ्याकडे पाहिलं. कपाळावरची शीर टम्म फुगली होती. "बाई, आवरा यांना!"

मी पुढे गेले. पोरं बाजूला झाली. त्यांना वाटलं, आता मिरची बाई ओरडणार. मी माइकपाशी वाकले, कारण तो वकीलच्या उंचीचा होता.

"पोती काढायला मी हो म्हटलं होतं," मी म्हणाले. "भरती आहे हे माहीत असताना. मी माफी मागते."

गुरुवार गेला हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं. पुढच्या वर्षी त्या तासांना जादा गणित असेल, आणि मी बंद खिडकीशी उभी राहून कासवाचं चित्र दाखवत असेन. मला भयंकर राग आला होता आणि माझा आवाज जराही चढला नव्हता. शिपाईमामा माइकपर्यंत आले नाहीत. होते तिथूनच म्हणाले, "पोती खाली मी वाहून नेली." आणि टोपी काढून हातात घेतली.

सरांनी घड्याळात पाहिलं आणि घंटा द्यायला सांगितली. घंटा झाली. मोठे वर्ग चुळबुळत वळायला लागले, पण पहिलीची मुलं बसूनच होती. त्यांना रांगेचे नियम नव्यानेच शिकवलेत: एकाचं झालं की दुसरा, आणि सगळ्यांचं झाल्याशिवाय उठायचं नाही. त्यांच्यातल्या एका चिमुरडीने हात वर केला. पहिलीत विचारायच्या आधी हात वर करायचा असतो.

"सर," ती म्हणाली, "तुमची राहिली."